मेच्या उन्हात पोरं, सासूबाई आणि वंडरला: बॅगेत नेमकं काय भरायचं?

वडगावची_वहिनी
नमस्कार मंडळी.
पोरांचा हट्ट, ह्यांची रजा आणि रेल्वेचं रिझर्वेशन, तिन्ही एकदाचं जुळून आलंय. मेच्या पहिल्या आठवड्यात बेळगावहून बेंगळूरला निघतोय. मुख्य काम बिडदीचं वंडरला, म्हणजे पाळणे आणि पाण्याच्या राइडचं मोठं पार्क, बाकी सगळं त्याच्या मागून. माणसं सहा: आम्ही दोघं, थोरला नऊ वर्षांचा, धाकटी चारची, सासूबाई (६८, बीपीची गोळी चालू) आणि नणंदेचा मुलगा, तेरा वर्षांचा, कोल्हापूरहून येणार.

खरं तर एप्रिलमध्येच उरकलं असतं. आमच्या शाळांना दुसऱ्या आठवड्यातच सुट्टी पडली, पण भाच्याची शाळा महिना संपेपर्यंत चालू. एकाच घरातली पोरं आणि दोन राज्यांच्या दोन सुट्ट्या. सीमाभागात हे गणित नवीन नाही म्हणा.

आता बॅगेचं बघा. यादी काढली तर दोन पानं भरली. सासूबाईंनी स्टोव्ह सोडून सगळं लिहायला लावलंय. ह्यांचं म्हणणं, पाठीवरची एक सॅक पुरे. दोघांच्या मधलं कायतरी सांगा की. पाण्यात कुठले कपडे चालतात? खायचं आत नेऊ देतात काय? आणि सासूबाईंना दिवसभर उन्हात न्यावं की नको?

गोवावेस_७
स्टोव्ह का सोडला?

निपाणीकर_दादा
वहिनी, बेंगळूर कशाला? खोपोलीचं इमॅजिका बघा. आम्हा निपाणीकरांना तर सरळच पडतं. हायवेला लागलं की कोल्हापूर, सातारा, पुणे, घाट उतरला की आलंच. आपली गाडी असली की बॅगेचा प्रश्नच नाही, डिकीत काय वाट्टेल ते टाका. रेल्वेत सहा माणसांचं सामान कोण उचलणार गा?

वडगावची_वहिनी
दादा, तिकिटं काढून झाली. आता बदलत नाही. 🙂

मार्कंडेय_काठ
निपाणीकर दादा, रस्ता सरळ आहे हे मान्य. पण मेमध्ये खोपोली म्हणजे वेगळंच प्रकरण, आणि बॅग भरताना ते लक्षात घ्यावं लागतं.

आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. बिडदीही साधारण त्याच उंचीच्या पठारावर. ऊन कडक, पण हवा कोरडी, घाम आला तसा वाळतो आणि अंग गार होतं. खोपोली घाटाच्या पायथ्याला, कोकणच्या बाजूला. तिथं हवेतच ओल असते, घाम वाळत नाही, नुसता निथळत राहतो. पारा दोन्हीकडं सारखाच दिसला तरी अंगाला तो सारखा लागत नाही. बेळगावच्या माणसाला उन्हाची सवय आहे, चिकचिकीची नाही. म्हणून खोपोलीला जाणाऱ्यांनी कपड्यांचे जोड आणि पंचे वाढवावेत, घामोळ्यांची पावडर घ्यावी. बिडदीला जाणाऱ्यांनी टोपी आणि सनस्क्रीनवर भर द्यावा, कारण तिथं घाम दिसत नाही आणि ऊन लागलेलं संध्याकाळी खांदे लाल झाल्यावरच कळतं.

आता वहिनींच्या यादीचं. माझं एकच सांगणं: वस्तू बघून बॅग भरू नका, ती वस्तू कुठं लागणार ते बघून भरा. सामान तीन ठिकाणी राहणार आहे: मुक्कामाच्या खोलीत, पार्कातल्या लॉकरात आणि अंगावर. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढं या तिन्हीपैकी एक लिहा. ज्या वस्तूला जागाच सुचत नाही, ती घरी ठेवा. निम्मी यादी तिथंच गळते.

लॉकरची पिशवी: प्रत्येकाचा सुका सुती जोड, आतल्या कपड्यांसकट, आणि प्रत्येकाचा वेगळ्या प्लास्टिक पिशवीत. हे वेगळं बांधणं फार महत्त्वाचं. संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत रेटारेटी असते, बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, आणि थोरल्याची चड्डी नेमकी तुमच्याकडं निघते. टर्किश टॉवेल नको, तो ओला झाला की दगड. पंचा घ्या, पिळला की पुन्हा कामाला. ओले कपडे भरायला दोन मोठ्या जाड पिशव्या.

अंगावर: टोपी, मागं पट्टा असलेली रबरी सँडल आणि गळ्यातलं पाणी न शिरणारं मोबाईलचं पाकीट. त्या पाकिटाची घरी परीक्षा घ्या. आत टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, वर वजन ठेवा. कागदाचा कोपरा जरी ओला लागला तरी ते पाकीट बाद. चष्मा असेल तर मागं दोरी लावा.

चप्पल उगाच सांगत नाही. पाण्याच्या राइडच्या पायऱ्या दुपारी एकच्या उन्हात तापलेला तवा असतात. रांगेत अनवाणी उभी असलेली पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत असतात.

गोवावेस_७
सोनं?

मार्कंडेय_काठ
घरी. पैंजण, बांगड्या, कानातले लोंबते डूल, काही नको. मंगळसूत्राला वहिनींनी काळ्या मण्यांची साधी पोत घालावी. पाण्याच्या घसरगुंडीत अडकलं तर तुटतं, आणि गळ्याला लागतं ते वेगळंच.

शहापूर_माग
कपड्यांबद्दल मी बोलतो, घरात माग होता, सुताशी पिढ्यांची ओळख.

वहिनी, कोरड्या राइड, प्रवास, संध्याकाळ, या सगळ्याला सुतीच. पण पाण्यात सुती चालत नाही, वंडरलाच्या नियमातच नायलॉन-लायक्रासारखं कापड सांगितलंय. लोकांना वाटतं दुकानातले कपडे खपवायला हा नियम काढला. तसं नाही. सुती कापड पाणी धरून ठेवतं, जड होतं, अंगावरून घसरतं, पोहणाऱ्याला खाली ओढतं. घसरगुंडीवर ते चिकटतं, माणूस मध्येच थांबतो आणि मागून दुसरा येऊन धडकतो. शिवाय त्याचे तंतू सुटतात आणि पाणी गाळायच्या यंत्रात जाऊन बसतात. जीन्सची पितळी बटणं आणि चेन घसरगुंडीला ओरखडे पाडतात ते आणखी. म्हणून साडी, सलवार, जीन्स, बर्म्युडा पँट, कशालाच पाण्यात परवानगी नाही.

बायकांसाठी गुडघ्याखालपर्यंतची लेगिंग आणि वर अंगरख्यासारखा लायक्राचा टॉप मिळतो. पोरांना पूर्ण बाह्यांचा सूट घ्या, तेवढ्या अंगाला सनस्क्रीन चोळायचं काम वाचतं. पार्कातही विकत मिळतात, पण मापाचे मिळतीलच असं नाही. इथंच गणपत गल्लीत नाहीतर खडे बाजारात बघून घ्या आणि घरी एकदा भिजवून घालून बघा. काखेत आणि मांडीत शिवण टोचत असेल तर ते घरीच कळलेलं बरं. ओल्या लायक्रात चार तास चाललं की मांड्या सोलवटतात. आधीच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून ठेवायचं.

आता रंग. पोरांना निळा, पांढरा, राखाडी सूट घेऊ नका. तलावाचा तळ निळा, वर पाण्याची चमक, निळ्या सूटमधलं मूल पाण्याखाली दिसतच नाही. भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी घ्या. दिसायला कसंही असू दे, गर्दीत चारची पोरगी लांबून ओळखू येते.

वडगावची_वहिनी
अगंबाई. तिला निळाच घेऊन ठेवलाय, वर मत्स्यकन्या. बदलून आणते.

खानापूरची_माई
बाळ, खायचं आत नेऊ देत नाहीत, तान्ह्या बाळाचं आणि औषधपाणी सोडून. नेऊन बघू म्हणू नकोस. आम्ही एकदा एका पार्काच्या गेटवर डबा उघडून दाखवला, पुऱ्या-बटाट्याची भाजी, केवढी मेहनत. पहारेकऱ्यानं बाजूच्या कट्ट्याकडं बोट दाखवलं, इथं बसून खा नाहीतर इथं ठेवा. सकाळी साडेदहाला सहा जणांनी उन्हात बसून पुऱ्या संपवल्या आणि मग कुणालाच पाळण्यात बसवेना.

म्हणून डबा हा रेल्वेचाच. तुझ्या सासूबाईंचं त्या बाबतीत ऐक. दशम्या कर, पाण्याऐवजी दुधात मळलेल्या. त्या मऊ राहतात आणि प्रवासात टिकतात. सोबत शेंगदाण्याची सुकी चटणी आणि गूळ. ओली खोबऱ्याची चटणी नको, मेमध्ये धारवाड यायच्या आत आंबते. दहीभात न्यायचा तर दह्यात कालवू नकोस. गरम भात मऊ घोटायचा, कोमट झाला की दूध घालून सैल करायचा, मीठ नाही, आणि त्यात चमचाभरच दही. डब्यातल्या डब्यात विरजतो. संध्याकाळी केला तर रात्री गाडीत गोडसर लागतो, आंबट नाही. मीठ खाताना.

आणि आमसुलं घे. आमच्याकडं खानापूरच्या रानातली असतात. चार-पाच आमसुलं पाण्यात भिजवायची, गूळ, मीठ, जिरं. खोलीवर परत आल्यावर पोरांना दे. त्या बाटलीतल्या रंगीत पाण्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

औषधवाला_चिकोडी
माईंचं सरबत उत्तम. पण जुलाब-उलट्या झाल्या, नाहीतर पोर उन्हानं पार मलूल पडलं, तर ओआरएसच. आणि त्यात एक गोम आहे. दुकानात रंगीत खोक्यांत गोड पेयं मिळायची, त्यावर मोठ्या अक्षरात तेच नाव. पालक तेच ओआरएस समजून घ्यायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. तुम्ही औषध दुकानातलं पाकिटच घ्या, ज्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असतं. मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यात. छोटं, ४.२ ग्रॅमचं, २०० मिलिलिटरमध्ये. अर्धं पाकीट ग्लासात ढवळून देणारे रोज भेटतात. तसं करू नका, मिठाचं प्रमाण बिघडतं आणि लहान मुलाला ते त्रासाचं. कालवलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं. बॅगेत छोटी पाकिटं बरी, एका ग्लासात एक, हिशेब चुकत नाही.

सनस्क्रीन: एसपीएफ ३० किंवा वर, पाण्यात टिकणारं. उन्हात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा, आणि पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा. लोक कान, मानेची मागची बाजू आणि पायाचा वरचा भाग विसरतात. संध्याकाळी तेच जळतात.

आता सासूबाई. बीपीची गोळी नुसती बीपीची की त्यात पाण्याची गोळीही आहे, ते पाकिटावर बघा. बऱ्याच जोडगोळ्यांत असते. तिनं लघवी वाढते, वर उन्हात घाम, मग उठताना चक्कर. म्हणून जायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, प्रवासात गोळी कशी घ्यायची आणि पाणी किती. आपल्या मनानं बंद करू नका. आणि बीपीवाल्यांना ओआरएस सरबतासारखं दिवसभर पाजू नका, त्यात मीठ आहे. गोळ्या चिठ्ठीसकट अंगावरच्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही.

एक शेवटचं, ते बॅगेत मावत नाही. कुणी उन्हात बरळायला लागलं, तोल जायला लागला, अंग भट्टीसारखं लागलं, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि पार्काच्या प्रथमोपचार खोलीला हाक मारा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

निपाणीकर_दादा
वहिनी, मी तर म्हणतो आजींना नातेवाइकांकडं ठेवा. उन्हात म्हातारं माणूस म्हणजे सगळ्यांचाच जीव टांगणीला.

हुक्केरी_मास्तर
दादा, आजींना कुणी विचारलंय काय?

वडगावची_वहिनी
मास्तर, आत्ताच विचारलं. म्हणाल्या, "तिकीट काढून मला पाहुण्याच्या घरी भिंती बघत बसवणार काय? मी त्या उंच पाळण्यात बसणार." झालं.

हुक्केरी_मास्तर
मग झकास. त्यांचा दिवस वेगळा आखा. गेट उघडल्या उघडल्या कोरड्या भागातले सौम्य पाळणे, त्यांचा उंच पाळणाही तेव्हाच. बारा ते चार सावलीत, नाहीतर गार हॉलमध्ये, आणि सोबतीला तुमच्यापैकी एकजण पाळीपाळीनं. त्यांच्यासाठी घडीची छत्री, सुती फिक्या रंगाची साडी आणि बसायला पातळ सतरंजी. एवढंच जास्तीचं सामान.

पण मला बोलायचं होतं थोरल्याबद्दल. वहिनी, त्याची उंची मोजली काय? शाळेत दरवर्षी मोजतो म्हणून सांगतो, नऊ वर्षांचं पोर साधारण १३० सेंटिमीटरच्या आसपास असतं. मोठ्या, भीतीदायक राइडना बहुतेक ठिकाणी १४० लागते. तेरा वर्षांचा भाचा आत जाणार आणि तुमचा थोरला दांडीपाशी थांबणार. तिथं मापाची काठी उभी असते, तिच्याशी वाद घालून उपयोग नाही. आधीच दाराच्या चौकटीवर अनवाणी उभा करून मोजा, १४० ची खूण करा आणि त्याला सांगून ठेवा, कुठल्या राइड त्याच्या, कुठल्या नाहीत. लहानांचं तिकीटही वयावर नाही, उंचीवरच ठरतं, ते बुकिंगच्या आधी बघा.

आणि धाकटीच्या दंडावर सकाळीच बॉलपेननं मोबाईल नंबर लिहा, वरून पारदर्शक चिकटपट्टी. गेटपाशी सगळ्या पोरांचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांतला. हरवलं तर "लाल टी-शर्ट की पिवळा" यात वेळ जात नाही.

वडगावची_वहिनी
आत्ताच मोजला. १३२. रडारड सुरू झालीय, पण घरात.

मूळचा_टिळकवाडीचा
बेंगळुरात राहतो, म्हणून थोडं प्रवासाचं. वहिनी, गाडी कुठली? ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून सुटणारी वंदे भारत असेल तर ती पहाटे निघून दुपारी पोचते. त्या दिवशी पार्क धरू नका, अर्धा दिवस पूर्ण तिकिटात जातो. राणी चन्नम्मासारखी रात्रीची गाडी सकाळी पोचवते, पण तरीही थेट स्टेशनवरून सामानासकट बिडदी गाठू नका. पार्काचं लॉकर सुटकेससाठी नसतं. मुक्कामी सामान टाकता येत नसेल तर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा, पण रेल्वे कुलूप लावलेलंच सामान घेते. साधी चेन असलेली पिशवी परत करतात. म्हणून दोन छोटी कुलुपं यादीत लिहा.

बिडदी शहराबाहेर म्हैसूर रोडवर आहे. मुख्य स्टेशनजवळच्या मॅजेस्टिकवरून जांभळ्या मार्गाची मेट्रो चल्लघट्टपर्यंत जाते, तिथून पुढं बस किंवा टॅक्सी. सहा जण असाल तर मोठी टॅक्सी सरळ करा, परतीची आधीच ठरवून ठेवा. शनिवार-रविवार टाळा. मेमध्ये रांगेतच अर्धा दिवस जातो आणि रांग म्हणजे ऊन.

अजून एक, जे कुणीच सांगितलं नाही. मेमध्ये बेंगळुरात दुपारनंतर वळीव येतो, आपल्याकडं येतो तसाच, गडगडाटासह. वीज चमकली की उंच राइड आणि पाणी दोन्ही थांबवतात. म्हणून पोरांना ज्या राइड हव्यातच, त्या आधी. आणि लॉकरमधला सुका जोड प्लास्टिकमध्ये बांधायचा म्हणून मार्कंडेयनी जे सांगितलं, ते या पावसासाठीही. पावसात भिजून टॅक्सीच्या एसीत तासभर बसलं की दुसऱ्या दिवशी शिंका.

वडगावची_वहिनी
रात्रीची गाडी आहे, मुक्काम नणंदेच्या दिरांकडं. सामान तिथं टाकूनच जाणार, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी. यादी पुन्हा काढली, एका पानावर आली. सासूबाईंचा पितळी डबा खोलीच्या रकान्यात गेला. त्यांनी तो पुन्हा लॉकरच्या रकान्यात लिहिला. मी खोडलाय.

आता एवढंच राहिलं, पाहुण्यांना कुंदा, आपली बेळगावची खव्याची मिठाई, न्यायचा आहे. मेमध्ये टिकेल काय?

खानापूरची_माई
टिकेल. निघायच्या दिवशीच घे, आधी आणून ठेवू नकोस. दुकानदाराला सांग, चांगला कोरडा, जास्त आटवलेला दे, ताजा गरम डब्यात भरू नको. गरम झाकला की आतून वाफ धरते आणि सकाळपर्यंत वास येतो. गाडीत तो सीटखाली सामानात कोंबू नकोस, खिडकीपाशी वाऱ्याला ठेव. पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये.

गोवावेस_७
आणि कुलूप लावून ठेवा. तेरा वर्षांचा भाचा रात्रभर त्याच डब्यात आहे.